नुसतं बघायला

आमच्या भागात गाडी हळू चालवायला कारण लागतं. खड्डा असला तर चालतं. पुढे कंटेनर आडवा झाला असेल तरी चालतं. पण रस्ता मोकळा आहे, गाडीला काही झालेलं नाही, आणि आतल्या दोघी बायका काचा खाली करून दोन्ही बाजूंचं बघत बैलगाडीच्या चालीनं निघाल्यात, हे लोकांच्या डोक्यात बसत नाही. मग ते स्वतःच कारण शोधून काढतात. आमच्यासाठी त्यांनी जे शोधलं त्यामुळे माझं फिरणं बंद झालं होतं. तेच सांगते.

मी वळ गावची सून. भिवंडीपासून लांब नाही. लग्न होऊन आले तेव्हा गावाभोवती भात होतं, आता गोडाऊनं आहेत. याचं मला वाईट वाटत असेल असं बाहेरून आलेले लोक धरून चालतात. वाटत नाही. भात लावायला वाकायचं मला होतं, त्यांना नव्हतं. नवरा होता तेव्हाच बहुतेक जमीन गेली, त्यावर घर झालं, पोरांची लग्नं झाली. खाडीकडचं एक खाचर तेवढं राहिलं. नवरा गेल्यावर त्यात अर्धं माझं नाव लागलं, अर्धं धाकट्या दिराचं आहे. दोघांची सही झाल्याशिवाय ते विकता येत नाही. दीर अजून तिथे भात लावतात. गावात दुसरं कोणी लावत नाही, म्हणून लोक त्यांना हसतात आणि तांदूळ मात्र मागायला येतात.

मुलगा वडप्याला एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर आहे. त्यानं गाडी घेतली आणि कामाला मोटरसायकलनंच जात राहिला, कारण सकाळी हायवेवर गाडी काढली तर तो दुपारी पोचेल. म्हणून गाडी अंगणात झाकून उभी. लग्नकार्याला निघायची, रविवारी धुवायची. सून कल्याणची. तिनं क्लास लावून गाडी शिकून घेतली. मुलगा म्हणाला, शिकलीस तर हात बसला पाहिजे, रोज काढ, पण एकटी जाऊ नको. घरात रिकामं माणूस मीच. गुडघ्यांमुळे मला चालायला होत नाही, कामाला कोणी हात लावू देत नाही. म्हणून मी बाजूला बसायला लागले.

त्याआधी मी गाडीत बसले नव्हते असं नाही. टेम्पोत बसले आहे, मेथीच्या जुड्यांवर. जीपमध्ये बसले आहे, मांडीवर दुसऱ्याचं पोर घेऊन. दवाखान्यात, लग्नाला, मयताला. पण दर वेळी मागे, मधोमध, पायाशी पिशवी. बाहेर काय आहे ते कधी दिसलं नाही, आणि बघायचं असतं हेही माहीत नव्हतं. गाडीत बसलं की कुठेतरी पोचायचं आणि पोचलं की कामाला लागायचं.

सुनेबरोबर पहिले काही दिवस मी दरवाजाच्या वरची मूठ धरून बसायची आणि ती स्टिअरिंग धरून. दोघी बोलत नव्हतो. अंजूरफाट्यापर्यंत जायचं आणि वळून परत. मग एक दिवस ती फाट्यावर थांबली आणि म्हणाली, "आई, आज इथून वळायला जागाच नाही. आता कुठं?"

"जा सरळ."

"सरळ रस्ता कुठं जातो?"

"खारबावला जातो म्हनतान. मी कुठं बघितलाय."

ती हसली. "इतकी वर्षं राहता इथं."

"राहते घरात," मी म्हटलं.

आम्ही सरळ गेलो. खारबाव आलं, नंतर झाडं आली, पाणथळ आली, पाण्यात बगळे उभे. एवढ्या जवळ हे होतं आणि मला पत्ता नव्हता. माझ्या नणंदेला खारबावचं स्थळ आलं होतं, ते लांब पडतं म्हणून आम्ही नाकारलं होतं. गाडीतून बघितलं तर ते काही लांब नव्हतं.

तेव्हापासून दुपारची जेवणं झाली की आम्ही निघायचो. गावात सगळे आडवे झालेले असतात आणि रस्त्यावर मोठ्या गाड्यांची गर्दी जरा कमी असते. कुठे जायचं हे ठरवायचं नाही, एवढंच आमचं ठरलेलं. कधी शेलारच्या बाजूला, नदीनाका ओलांडून. कधी नुसतं वडप्यापर्यंत, मुलाच्या गोडाऊनच्या पुढून, त्याला न कळवता. शहरातून जाताना कापडाच्या लूमच्या गल्लीत सून गाडी बाजूला घ्यायची. ती कल्याणची असून तिनं लूम जवळून ऐकला नव्हता. आत शंभर माणसं एकदम ताटल्या आपटत असल्यासारखा आवाज, आणि दारात एक कामगार शिफ्ट संपवून झोपलेला, अगदी गाढ. सून म्हणाली, हा झोपतो कसा. मी उतरून शेजारच्या पानवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "लूम बंद होता है ना, तब जागता है." हे मला फार आवडलं. घरी येऊन मी दोघातिघांना सांगितलं, कोणाला त्यात काही विशेष वाटलं नाही.

मी चौथी शिकले. वाचता येतं, पण वाचायला घरात काही नसतं, औषधाच्या डब्या सोडल्या तर. रस्त्यावर मात्र पुष्कळ असतं. मी सगळ्या पाट्या वाचायची. इंग्रजी अक्षरं सुनेनं ओळखायला शिकवली, म्हणजे नंबरावरून गाडी कुठल्या राज्याची ते कळायला लागलं. गुजरातच्या पुष्कळ, राजस्थानच्या पुष्कळ, त्या समजतात. पण नागालँडच्या एवढ्या कशा? नागालँड कुठे आहे ते सुनेनं फोनवर नकाशा काढून दाखवलं. नकाशात जागा संपते तिथे आहे. तिथून एवढ्या गाड्या भिवंडीला काय आणतात? मला चैन पडेना. एका ट्रकच्या सावलीत ड्रायव्हर स्टोव्हवर भाजी करत बसला होता, त्याला विचारलं.

"नागालँड की गाडी है ना? कैसा है उधर?"

"मालूम नहीं माताजी. मैं तो बिहार का हूँ."

"गाडी तो उधर से आयी?"

"गाडी भी कभी गयी नहीं. सिर्फ नंबर उधर का है."

म्हणजे माणूस गेला नाही, गाडी गेली नाही, आणि नाव तिथलं. तो का ते समजावत होता, कसला तरी टॅक्स, पण भाजी लागायला लागली म्हणून त्याचं लक्ष गेलं.

गोडाऊनांचंही तसंच. आमच्या दारापासून शहरापर्यंत नुसत्या उंच भिंती आणि पत्रे, आणि आत काय आहे ते कोणालाच माहीत नाही. गावात विचारलं तर म्हणतात, माल. एका ठिकाणी गेटवर वॉचमन होता, तिथे मी गाडी थांबवायला सांगितली.

"माताजी, किससे मिलना है?"

"किसी से नहीं. अंदर क्या है वो पूछना था."

"माल है."

"वो तो समझा. कौन सा माल?"

त्यानं इकडेतिकडे बघितलं, जसं काही मी सोन्याबद्दल विचारलं होतं. मग म्हणाला, "डायपर."

"इतना बडा?"

"ये तो आधा है. आधा पीछे है."

परत येताना मला आठवलं, ती जागा कोणाची होती. तो माणूस हातभर बांध सरकला म्हणून सख्ख्या भावाशी बोलायचा बंद झाला होता. आता त्या बांधावर छतापर्यंत डायपर. सून म्हणाली, आई, तुम्हाला विचित्र नाही वाटत? मला एवढंच वाटलं की आपल्या देशात इतकी पोरं एका वेळी मुतत असतील हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

यात सुख काय, असं कोणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. पण निघायची वेळ झाली की मी पातळ बदलून ओट्यावर बसलेली असायची, आणि सुनेला भांड्यांना उशीर झाला तर मला राग यायचा. माझ्या आयुष्यात मी कशाची अशी वाट बघितली नव्हती.

उन्हाळ्यात एक दिवस आम्ही खाचराकडे गेलो. भावजींनी रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळून राब भाजून ठेवला होता, काळा चौकोन दिसत होता. भावजी म्हणजे माझे दीर. सुनेला लग्नानंतर कोणी जमीन दाखवली नव्हती. मी काठी टेकत बांधावर गेले आणि हात लांब करून तिला दाखवलं, त्या बाभळीपासून त्या पाण्याच्या पाटापर्यंत आपलं, पलीकडचं दुसऱ्याचं. तेवढ्यात मोटरसायकलवरून निळ्या शर्टाचा एक माणूस आला. त्याला कुठलंसं गोडाऊन सापडत नव्हतं. सुनेनं फोन काढून त्याला नकाशा दाखवला, आम्ही तिघं त्या फोनमध्ये डोकं घालून उभे राहिलो, मी पुन्हा हात लांब करून हायवेची दिशा दाखवली. तो गेला, आम्ही घरी आलो.

दोन दिवसांत घरी एजंट आला. आमच्याकडे जमिनीचे एजंट परके नसतात. हा माझ्या मावसबहिणीच्या सासरचा. हातात पेढ्यांचा पुडा. ओट्यावर बसला, पाणी प्यायला, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली.

मग म्हणाला, "मावशे, घरचा मानूस असताना भायेरचा कशाला?"

"कसला भायेरचा?"

"आता मना लपवतेस. खाडीवरचा खाचर पार्टीला दाखवला ना परवा. निला शर्ट."

"ती पार्टी न्हाय. तो रस्ता चुकलेला."

"बरा." तो हसला. "आन तू रोज गाडी घेऊन फिरतेस, एकेक जागेवर थांबतेस, वॉचमनला इचारतेस आत काय हाय, ती?"

"ती मी नुसती बघतंय."

त्यानं मांडीवर थाप मारली. "मावशे, माझे केस या धंद्यात गेले. घेनारा येतो तो बोलतो, नुसता बघाला आलो. इकनारा येतो तो बी बोलतो, नुसता बघतंय. तू तर पक्की निघालीस."

तो गेल्यावर मला समजलं काय झालं ते. आमच्या पट्ट्यात जमिनीकडे कोणी उगीच बघत नाही. हळू चालणारी गाडी म्हणजे पार्टी. उतरून हात लांब केला म्हणजे सौदा. आणि घेणाऱ्यानं गरज दाखवली तर भाव चढतो, विकणाऱ्यानं दाखवली तर उतरतो, म्हणून दोघंही तेच बोलतात, नुसतं बघायला आलो. मी खरं बोलले होते, आणि तेच नेमकं त्यांच्या धंद्यातलं रोजचं खोटं होतं. दुसरं काय सांगायचं ते मला सुचेना, कारण दुसरं काही नव्हतंच.

पुडा तो तिथेच ठेवून गेला. पेढे ताजे होते, मी एक खाल्ला.

संध्याकाळी भावजी आले. आमचं अंगण एकच आहे, त्यांचं घर पलीकडच्या अंगाला. ते ओट्यावर चढले नाहीत, खालीच उभे राहिले. त्यांची नजर पुड्यावर.

"त्यानं आनला?"

"हो."

"तू खाल्लास?"

"एक."

"मंग झाला," ते म्हणाले. "बोलनी झाली."

एजंटाचा पेढा खाणं म्हणजे बोलायला तयार असणं, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. मलाही माहीत होतं. पण पेढा समोर असताना ते आठवत नाही.

"भावजी, कसली बोलनी न्हाय. तो आपला आपन आला."

"आन निला शर्ट आपला आपन आला. आन तू सुनेला बांध दाखवलास तो बी आपला आपन. वैनी, मना सांगितला असतास तोंडावर, की माझा वाटा मना इकाचाय, तर मी ऐकला असता. पाठीमागना कशाला? दादा असता तर त्या पेढ्याला हात लावला नसता."

"दादानं दोन खाल्ले असते," मी म्हटलं.

हे बोलायला नको होतं. खरं होतं, पण भावजी हसायच्या स्थितीत नव्हते. खाचर गेलं तर सकाळी उठून जायला त्यांना जागा नाही, हे मला दिसत होतं. ते वळून गेले आणि त्या दिवसापासून त्यांच्या घरचं कोणी आमच्याकडे येईना. कोंबड्या तेवढ्या येत होत्या.

मुलगा कामावरून आला तो तापलेलाच. "आई, लोक मला गोडाऊनमधे इचारतात, कितीला ठरला. हमाल इचारतात. काका बोलायचे बंद झाले. बस झाला आता फिरना."

"आम्ही चोरी केली का?" सून आतून म्हणाली.

"चोरी न्हाय केली. पन लोकांना काय सांगू, माझी आई आन बायको रोज पेट्रोल जालून कुठं जातान? कुठंच न्हाय? हे कोनाला पटल?"

"तुला पटतंय का?" मी विचारलं.

त्यानं गाडीची किल्ली उचलून खिशात घातली. म्हणजे त्यालाही नीट पटलं नव्हतं. तेव्हापासून ती तो रोज कामावर घेऊन जायला लागला. गाडीवर कव्हर चढलं.

मला रडू वगैरे आलं नाही. राग आला. दुपारी ओट्यावर बसलं की समोर काय दिसतं ते मला पाठ आहे, तेच पुन्हा किती बघणार. दापोड्याच्या रस्त्याला एक नवीन गोडाऊन उभं राहत होतं, खांब झाले होते, वरचे पत्रे चढायचे होते. ते मी सुरुवातीपासून बघत आले होते. आता त्याला पत्रे चढले की नाही हे मला कोण सांगणार? मुलाला विचारलं तर तो म्हणाला, कुठलं गोडाऊन? रोज त्याच रस्त्यानं जातो. सून भांडी जोरात आपटत होती. तिचा हात नुकता बसला होता, तो जाणार म्हणून ती धुमसत होती.

मी बरेच दिवस थांबले, भावजींचा राग उतरतो का ते बघितलं. उतरला नाही. शेवटी काठी घेऊन मी अंगण ओलांडलं. ते पाग विणत बसले होते. पाग म्हणजे खाडीत फेकायचं जाळं. मान वर केली नाही.

"भावजी, उद्या दुपारी गाडीत बसा."

"कशाला?"

"पार्टी दाखवतंय तुमाला."

आता मान वर झाली. "म्हंजे हाय."

"या आन बघा."

मुलाला मी सांगितलं, काका येणार आहेत. काकांचं नाव ऐकल्यावर त्यानं किल्ली ठेवली. भावजी दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून, टोपी घालून आले, पार्टीसमोर बरं दिसावं म्हणून. सुनेनं त्यांच्यासाठी पुढचा दरवाजा उघडला. मी म्हटलं, तो बंद कर, पुढे मी बसते, मला मागून दिसत नाही. भावजी मागे बसले, मधोमध, दोन्ही सीटा धरून, डोकं आमच्या दोघींच्या मध्ये.

आम्ही नेहमीसारखं निघालो. नवीन गोडाऊनपाशी थांबलो. पत्रे चढले होते, पण अर्ध्यावरच. तिथे एक मुकादम उभा होता.

"ह्यो काय?" भावजींनी विचारलं.

"कोन?"

"पार्टी."

"ह्यो मुकादम हाय."

पुढे डायपरच्या गेटपाशी गेलो तर वॉचमन उठून उभा राहिला. "माताजी, बहुत दिन बाद."

"ह्यो तुला वलखतो कसा?" भावजी लगेच म्हणाले. "ह्यो मधला मानूस काय?"

"याच्याकडं डायपर हायत."

मला वाटतं डायपर हा जमिनीच्या धंद्यातला काही नवीन शब्द आहे का याचा भावजी विचार करत होते. अंजूरफाट्यावर एक माणूस नुसता रस्ता ओलांडत होता, तर त्याच्याकडेही त्यांनी वळून वळून बघितलं. त्याचा शर्ट निळा होता.

मग मी सुनेला खाचराकडे घ्यायला सांगितलं. भावजी ताठ झाले. गाडी थांबली, आम्ही तिघंही उतरलो. आजूबाजूला कोणी नाही, नुसतं ऊन. भावजी बाभळीपर्यंत जाऊन आले, बांधावर उभे राहून दोन्ही बाजूंना बघितलं. आणि तेवढ्यात स्कूटर आली. तोच एजंट. आमच्यावर त्याची नजर होतीच.

आम्हाला एकत्र बघून त्याचा चेहरा उजळला. "दोगव बी एकाच गाडीत. मंग आता काय रायला? दोन सह्या, दोन फोटो. काका, माझा मान तेवढा ठेव."

भावजींनी टोपी सरळ केली. "कसल्या सह्या? आमी नुसता बघाला आलो."

एजंट माझ्याकडे बघून हसला, मग त्यांच्याकडे. "काका, तू बी?"

"मी बी काय? नुसता बघाला आलो, सांगतंय ना."

"बरा, बरा. घाई न्हाय. आकडा ठरला की फोन करा."

"आरं, मी खरा बोलतंय."

"सगलेच खरा बोलतान, काका."

भावजींचा आवाज चढला. त्यांनी तेच वाक्य आणखी एकदा म्हटलं, सावकाश, एकेक शब्द वेगळा करून. जेवढं ते स्पष्ट म्हणत होते तेवढं ते खोटं वाटत होतं. मलाच वाटायला लागलं की यांच्या मनात काहीतरी आहे. एजंटनं मान डोलावली, जसं मोठ्या माणसाच्या मुत्सद्दीपणाला डोलावतात, आणि स्कूटर वळवून गेला. जाता जाता त्यानं कोणाला तरी फोन लावलेला आम्ही बघितला.

भावजी उन्हात तसेच उभे होते. मग येऊन गाडीत बसले. दरवाजा नीट लागला नाही, त्यांनी पुन्हा आपटला. बरंच पुढे गेल्यावर म्हणाले, "ह्यो मानूस आयकतच न्हाय."

"न्हाय आयकत," मी म्हटलं.

"मी त्याला तीन बारीं सांगितला."

"आयकला मी."

सुनेचे खांदे हलत होते. तिनं आरसा वर फिरवला, हसू दिसू नये म्हणून.

मग मागून आवाज आला, आता जरा वेगळा. "मंग पार्टी न्हायच काय?"

"न्हाय."

"मंग तू येतेस कशाला?"

मी विचार केला. खोटं सांगून हे प्रकरण कधीच मिटलं असतं, देवदर्शनाला जाते म्हटलं असतं तर कोणी तोंड उघडलं नसतं. पण मला तेव्हा सुचलं नव्हतं आणि आता उपयोग नव्हता. "त्या नवीन गोडाऊनचे पत्रे चढले का ते बघाला," मी म्हटलं.

"ते अर्धेच चढलेत."

"हो. अर्धेच का चढलेत ते आता बघायचाय."

भावजी सीटला टेकले. हे एवढं सगळं एवढ्यासाठी असेल हे त्यांना पटलं असं मी म्हणणार नाही. पण ते बाहेर बघायला लागले. थोड्या वेळानं म्हणाले, "अर्धा माल आला नसल. नायतर पैशावरना भांडन झाला असल." आणखी थोड्या वेळानं, "परत त्याच रस्त्यानं जाल काय?"

परत त्याच रस्त्यानं गेलो. भावजींनी काच खाली करायला लावली आणि मुकादमाला स्वतः विचारलं. उरलेले पत्रे मापाला चुकले होते. सगळे परत पाठवले होते, कारखान्याकडे. भावजी घरी येईपर्यंत तेवढ्यावरच बोलत होते, एवढी मोठी इमारत आणि माप चुकतं म्हणजे काय, माझ्या खाचराचा बांध मी डोळ्यानं सरळ धरतो.

रात्रीच्या जेवणाआधी मुलगा त्यांच्या ओट्यावर गेला. मी आमच्या ओट्यावर होते, ऐकू येत होतं.

"काका, काय झाला? पार्टी आली?"

"पार्टी न्हाय."

"मंग गाडी बंदच ठेवतो मी. उगाच गावाला तोंड कशाला द्यायचा."

"बंद कशाला करतोस?" भावजी म्हणाले. "बंद करू नको. तो एजंट मागावर हाय, मी आज डोल्यानं बघितला. ह्या दोघी एकल्या गेल्या आन त्यानं कुठं गाठून अंगठा घेतला तर? मी जानार संगती. राखनीला."

"अंगठा कशाला, आईला सही येते," मुलगा म्हणाला.

"मंग तर जास्तच राखायला पायजे."

अशी माझी गाडी परत सुरू झाली. संशय गेला म्हणून नाही, संशय राहिला म्हणून. मला दोन्ही चाललं असतं. गावात तर बोलणं वाढलंच, आता म्हणतात नुसतं खाचर नाही, त्या बाजूची सगळी पट्टी एकत्र जाणार आहे आणि वळच्या म्हाताऱ्यानं आणि म्हातारीनं मिळून मोठा हात मारलाय. भावजी हे ऐकून चिडतात, पण बाहेर जाताना छाती जरा पुढे असते.

दुपारी ते वेळेच्या आधी येऊन गाडीजवळ उभे असतात. मागे बसतात, राखण करायला. आणि रोज, अंजूरफाटा यायच्या आतच त्यांना झोप लागते, तोंड उघडं, टोपी मांडीवर. आम्ही दोघी खारबावला जातो, शेलारला जातो, थांबतो, विचारतो, ताडगोळे घेतो. त्यांना उठवत नाही. गावाच्या कमानीशी सून हॉर्न वाजवते तेव्हा ते जागे होतात आणि टोपी घालतात.

संध्याकाळी मुलगा विचारतो, काका, आज काही झालं का?

भावजी ठामपणे सांगतात, "काय न्हाय झाला. मी होतो ना."